देवीला छप्पर नको, राई पाहिजे

मा. संपादक साहेब,

सध्या गावोगावी देवळांचे जीर्णोद्धार चाललेत त्याबद्दल लिहितोय. मी पाटण तालुक्यातला. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला देवराई आहे, अंजन, हिरडा, जांभूळ, मांडीएवढी जाड गारंबीची वेल, आणि मधे देवी म्हणजे शेंदूर लावलेला तांदळा (न घडवलेला दगड), उघड्यावरच. आमची आज्जी तिथली वाळकी काटकीसुद्धा घरात आणू द्यायची नाही. अगदीच नड असली तर गुरवाला सांगून कौल लावायचे, देवीनं उजवा दिला तरच लाकूड. आजूबाजूचे डोंगर बोडके झाले पण तेवढा तुकडा राहिला आणि त्याच्या खालचा झरा मे महिन्यात पण वाहतो, निम्म्या गावाचं पाणी त्याच्यावर आहे.

आता कमिटीनं तिथं स्लॅबचा सभामंडप, पेव्हर ब्लॉक आणि गाड्या लावायला जागा करायचं ठरवलंय, सतरा झाडांवर खुणा पण झाल्यात. विरोध केला की म्हणतात देवाच्या कामाला आडवा येतो. अहो पण देवीला डोक्यावर छप्पर चालत नाही हे याच लोकांच्या आजा-पणजानं सांगितलंय! सह्याद्रीतल्या कितीतरी राईत हाच नियम आहे. पर्यावरण अभ्यासक माधव गाडगीळ आणि वनस्पतींचे अभ्यासक डॉ. वर्तक 1970 च्या दशकात या राया बघत फिरले, त्यांनीही हेच मांडलं की देवाच्या धाकानं इथं जुनं जंगल टिकलंय.

राजस्थानात जोधपूरजवळ खेजडलीला 1730 साली राजाच्या महालाचा चुना भाजायला लाकूड पाहिजे होतं, तेव्हा बिश्नोई लोक झाडांना मिठ्या मारून उभे राहिले, अमृतादेवी आणि तिच्या मुलींसकट 363 जण मारले गेले. झाड तोडायचं नाही हा त्यांचा धर्मच. आणि आपण बांधकामासाठी स्वतःहून कुऱ्हाड लावायची?

क्षेत्र महाबळेश्वरला गोमुखातनं कृष्णामाई येते म्हणून आपण हात जोडतो, पण ते पाणी दगडात तयार होत नाही, वरच्या डोंगरात आणि झाडीत मुरलेला पाऊस असतो तो. आमच्या झऱ्याचं पण तसंच.

प्रथा बदलत नाहीत असंही नाही, बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नाग पुजायचे, हायकोर्टाच्या आदेशानंतर नागाच्या प्रतिमेची पूजा सुरू झाली, मनाला लागलं असेल पण लोकांनी केलंच ना.

माझी एवढीच विनंती आहे की झाडाला हात लावायच्या आधी ग्रामसभा घ्या आणि झऱ्यावर पाणी भरणाऱ्या बायकांना पुढं बसवून विचारा. सभामंडप पाहिजेच असेल तर खाली मारुतीच्या देवळापुढं मोकळी जागा आहे, तिथं बांधा, वर्गणी मी पण देतो.

आपला,
एक वाचक, ता. पाटण, जि. सातारा