चाळीस झाडे तुमच्याबरोबर येतील

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगायचे तीनदा ठरवले, पण तीनही वेळा बाबांनी नव्या कोंबाची बातमी आधी सांगितली आणि पुढे माझी जीभ रेटेना, म्हणून लिहिते आहे. गच्चीवरच्या ऑर्किडांपैकी चाळीस झाडे तुमच्याबरोबर माझ्याकडे येतील आणि उरलेली विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या हरितगृहात जातील. विभागाला मी होकार कळवला आहे. तुम्हाला आधी विचारायला हवे होते, हे मला कळते. पण बाबा, तुम्ही "एवढा बहर होऊन जाऊ दे" म्हणाला असता, आणि आपल्या गच्चीवर एक बहर ओसरायच्या आत दुसऱ्याच्या कळ्या दिसू लागतात.

आई, तू पहाटे भरलेली झारी घेऊन जिना चढतेस, हे मला कळले आहे. कोणी सांगितले ते विचारू नकोस. बाबा घसरले त्यानंतर डॉक्टरांनी गच्ची बंद केली, ती फक्त त्यांच्यापुरतीच, असा अर्थ तू काढलास. मी रागावलेली नाही. बाबांना झाडांची काळजी वाटू नये म्हणून तू गुडघे दुखत असूनही गेलीस, आणि तुम्ही दोघे "सगळे ठीक आहे" म्हणत होतात तेव्हा मी त्यावर विश्वास ठेवून निर्धास्त राहिले, याचीच टोचणी जास्त आहे.

कोणती झाडे कुठे जातील हे मी मनाला येईल तसे ठरवलेले नाही. व्हॅन्डाची मुळे उघडी लोंबतात, त्यांना रोज पाणी लागते आणि ती उंच टांगावी लागतात, म्हणून ती सगळी विभागाकडे जातील. कॅटलियांना लख्ख उजेड हवा. तो माझ्या सज्जात दहा वाजेपर्यंतच असतो, त्यामुळे एक सोडून त्याही तिकडेच बऱ्या. फॅलेनॉप्सिस मात्र कोवळ्या उन्हावर खूश असतात आणि रात्री गार झाल्या की काही आठवड्यांत दांडा धरतात, त्या सगळ्या तुमच्याबरोबर येतील. जमिनीलगतची पॅफिओपेडिलमही येतील. बाबा, यादी लिहिताना प्रत्येक नावापाशी तुम्ही काय म्हणाल याचा मी विचार केला आहे, आणि चार ठिकाणी तुमचे ऐकून माझा निर्णय बदललाही आहे.

तुमचा दिवसभराचा वेळ प्रयोगशाळेत रसायनांच्या तराजूपाशी जायचा, आणि तरीही आम्हाला झोपवताना गोष्ट असायची ती ऑर्किडच्या बियांची. धुळीसारखे बी, त्यात साठवलेले अन्न जवळजवळ नाहीच, मग ते रुजते कसे? १८९९ साली फ्रान्समधल्या जंगलात नोएल बर्नार यांना रुजलेल्या बियांमध्ये बुरशी दिसली आणि ती बुरशीच बाळाला भरवते हे उमगले, इथे तुम्ही थांबायचात, मी "पुढे?" म्हटल्याशिवाय १९२२ साल यायचे नाही, ज्या साली अमेरिकेत लुईस नड्सन यांनी साखर आणि क्षारांच्या अगारवर, म्हणजे समुद्रशेवाळापासून केलेल्या जेलीवर, बुरशीशिवाय बी रुजवल्याचे प्रसिद्ध केले. बर्नार छत्तिसाव्या वर्षीच गेले, हे तुम्ही मी मोठी झाल्यावर सांगितलेत. तोवर माझ्या मनात ते पांढऱ्या दाढीचे आजोबाच होते. पाणी घालताना चंदेरी मुळे हिरवी होईपर्यंत मोठ्याने आकडे मोजायचे काम माझे असे. मुळांवरचे स्पंजासारखे आवरण पाणी शोषून पारदर्शक होते आणि आतला हिरवा रंग दिसतो, हे शाळेत शिकण्याआधी मला मोजून मोजून ठाऊक झाले होते. आणि आईचा कुकर! पंधरा पौंड दाब, वीस मिनिटे, आत अगारच्या बाटल्या, आणि स्वयंपाक खोळंबलेला.

त्याच कुकरमधून निघालेल्या एका बाटलीत, माझा जन्म झाला त्या वर्षी, तुम्ही सात नंबरच्या संकराचे बी पेरले होते. मी दुसरीत असताना त्याला पहिले फूल आले आणि तुम्ही मला शाळेतून लवकर घेऊन आलात. विभागाकडे न पाठवता वगळलेली ती एक कॅटलिया हीच.

तुमच्या वह्यांशिवाय एकही कुंडी विभागात जाणार नाही, ही अट मी पहिल्या पत्रातच घातली आहे. कोणत्या दिवशी कोणता पराग कोणत्या फुलावर ठेवला, शेंग कधी तडकली, बाटली कितीदा बदलली, हे चिठ्ठीवरच्या नंबराशी जुळले नाही तर ती नुसती सुंदर झाडे उरतील. तिथे प्रत्येक झाडानंतर कात्रीचे पाते ज्योतीवर धरतात, हे मी स्वतः जाऊन पाहिले. विषाणूबद्दलची तुमची धास्ती त्यांना समजावून सांगावी लागली नाही. महिन्यातून एकदा मी तुम्हाला तिथे नेईन.

इथली खोली तळमजल्यावर आहे. सज्जात नळ कमरेच्या उंचीवर बसवून घेतला आहे, म्हणजे झारी उचलायला नको, आणि बाबांना भिंग घेऊन बसायला पाठ टेकता येईल असे बाक केले आहे. फरशी खरबरीत आहे. आई, तुझी खाट खिडकीशी लावली आहे, वाचायचा दिवा डावीकडून येतो, आणि पहाटे तुला कोणीही उठवणार नाही.

आता ऐका. आजपासून दोघांनीही जिना चढायचा नाही. शेजारचा मुलगा संध्याकाळी पाणी घालील, त्याच्याशी मी बोलले आहे. बाबा, सुके स्फॅग्नम शेवाळ चाळायचे नाही, त्याची धूळ तुमच्या छातीला सोसत नाही, आणि हातमोज्यांशिवाय त्याला हातही लावायचा नाही. गोळ्यांची डबी आईने भरायची आणि बाबांनी ती रिकामी करायची. पेट्या शनिवारी येतील. त्याच्या दोन दिवस आधी पाणी बंद करा, विशेषतः फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या बेचक्यात थेंबही राहू देऊ नका, नाहीतर प्रवासात गाभा कुजेल. दांडे बांधायचे काम माझ्यासाठी ठेवा.

सात नंबरची कुंडी मात्र कोणत्याही पेटीत घालू नका. ती मी मांडीवर घेऊन येईन.

तुमची,
धाकटी