सोप्यावरच्या गजाली

म्हार्दोळ,
आषाढ वद्य एकादशी

चि. बाय हिला अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू हसत विचारलंस, "आई, तुम्ही बायका रोज संध्याकाळी एवढं बोलता तरी काय?" तेवढ्यात रेंज गेली. तसंही फोनवर तुला सगळं हो किंवा नाही एवढ्यात हवं असतं, म्हणून लिहायला बसले. सकाळी फणसाची फांदी तारांवर आली, तेव्हापासून वीज नाही.

आमच्या बोलण्याची सुरुवात पावसापासून होते. पुनर्वसू नक्षत्राचा तरणा पाऊस यंदा नुसताच मिरवून गेला. पुष्याचा म्हातारा मात्र ठाण मांडून बसलाय. बाबांचे सदरे चुलीवरच्या दोरीवर वाळतात, त्यामुळे ते देवळात गेले तरी धुराचा वास दरवळतो. मे महिन्यात शाकारणी केली होती, पण माकडांनी कौलं हलवली आणि माजघरात दोन ठिकाणी टोप ठेवलेत. विहीर काठोकाठ भरलीय, नळ कोरडा. बाकी ठीक.

सोप्यावर आम्ही चौघी असतो: मी, शेजारची मावशी, सुपारीच्या कुळागरवाली वहिनी आणि निवृत्त झालेल्या नर्सबाई. चौघींची दुखणी सांगायची रीत वेगवेगळी. वहिनीचा गुडघा म्हणजे वेधशाळाच. तो दुखला की पाऊस येणार, आणि तो दुखत असेल तेव्हा बाकीच्यांच्या गुडघ्यांना कोणी विचारायचं नाही. मावशी याच्या अगदी उलट. तिला साखर आहे, पण "बरं नाही" हे शब्द तिच्या तोंडून येत नाहीत. "आज भात जरा उशिरा झाला" म्हणाली की समजायचं, सकाळी चक्कर आली होती. मग कोणीतरी उठून तिच्या घरी जातं, गोळ्यांची पाकिटं बघतं आणि जाताना डाळीचं भांडं घेऊन जातं, रिकाम्या हाताने गेलेलं तिला आवडत नाही म्हणून.

आता गेल्या पंधरवड्यातली गोष्ट सांगते. वहिनी नेहमीसारखी सुपारीचं रडगाणं सांगत होती. पाऊस उसंत देत नाही, त्यामुळे बोर्डो औषधाची दुसरी फवारणी राहिली. मोरचूद आणून ठेवलाय, चुना आणलाय, पण सुपारीच्या झाडावर चढायला माणूस नाही आणि आता कोळेरोगाने कोवळी सुपारी झाडाखाली सडा पडल्यासारखी गळतेय. आम्ही हं हं करत होतो. बोलता बोलता ती म्हणाली, यजमानच दोन दिवस चिखलात उभे राहून पाट मोकळे करत होते, आता ताप घेऊन पडलेत, पोटऱ्या चेपून द्या म्हणतात.

नर्सबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. डोळे लाल आहेत का? पायाला कुठे चिरलंय का? वहिनी म्हणाली, टाचेला भेगा आहेतच की, आणि डोळे जागरणाने लाल. "जागरण नव्हे, आत्ताच्या आत्ता न्या." शेजारच्या मुलाने गाडी काढली, फोंड्याला इस्पितळात रक्त तपासलं, लेप्टो निघाला. उंदराच्या मुतातला जंतू साचलेल्या पाण्यातून भेगांमधून आत शिरतो म्हणे. औषध वेळेत सुरू झालं. आता घरी आलेत आणि सुपारी गळाली म्हणून वहिनीवरच चिडतात, म्हणजे पूर्ण बरे झाले.

तू आरोग्याचे व्हिडिओ पाठवतेस ते मी सगळे बघते. पण बाय, व्हिडिओ उलट प्रश्न विचारत नाही. वहिनीने डॉक्टरला विचारायचं म्हणून काही सांगितलंच नव्हतं, ती सुपारीबद्दल बोलत होती.

त्यानंतर नर्सबाईंनी चौघींच्या अंगणांची झडती घेतली. मावशीच्या मागच्या दारी करवंट्यांत अळ्या वळवळत होत्या. डेंगीचा डास चावतो दिवसा आणि वाढतो स्वच्छ पाण्यात, हे मावशीला पटेना. "स्वच्छ पाण्यात कसा होईल?" म्हणून अर्धा तास वाद. शेवटी करवंट्या उपड्या झाल्या, पण मावशी हरली असं कोणी म्हणू नये.

मासळीचं विचारलं होतंस. पुरुमेंताचे, पावसाळ्यासाठी साठवलेले सुके बांगडे संपत आले. ३१ जुलैला मासेमारीची बंदी उठेल तोवर श्रावण लागलेला, म्हणजे बाबांचं तोंड आणखी महिनाभर लांब. रस्त्यावर रानातली अळमी (अळंबी) विकायला बसतात, पण भाव ऐकून मी पुढे चालू लागते. तायकिळ्याची पालेभाजी मात्र फुकट आणि भरपूर, रोज तीच.

माझी तब्येत बरी आहे. मागच्या दारची पायरी फार ओली राहते, शेवाळ धरलंय. बाबांनी आता तिच्यावर गोणपाट घातलंय.

पुढच्या आठवड्यात तुझा मामा पुण्याला येतोय, त्याच्याकडे आमसुलं आणि हळदीची पानं देते. पानं त्याच दिवशी वापर, पातोळ्या कर. डबा स्टीलचा आहे, तो चवथीला येताना परत आण. आणि दोन दिवस आधी ये, यंदा गणपतीवरची फळांची माटोळी बांधायला स्टुलावर तू चढ, मी खालून फळं देते.

तुझी,
आई