सुवॉनच्या साजांग्निमना, बुलगोगीसाठी मनापासून आभार

आदरणीय साजांग्निम,

दक्षिण कोरियातल्या सुवॉन शहरात राहणाऱ्या आम्हा काही मराठी घरांकडून हे पत्र. तुमच्या दुकानातून मांस तर मिळतंच, पण पुडी बांधता बांधता तुम्ही जे सांगता त्याची किंमत कधी बिलात लागत नाही. त्याचे आभार मानायचे आहेत. नव्याने येणाऱ्यांच्या हाती पडावं म्हणून तपशीलही लिहितो आहोत. (त्यांच्यासाठी: साजांग्निम म्हणजे दुकानाचे मालक, आणि बुलगोगी म्हणजे सोया सॉसच्या मसाल्यात मुरवून भाजलेले गोमांसाचे पातळ काप.)

सगळ्यात मोठे आभार कापणीचे. गिऱ्हाईक चरबीच्या जाळीचं महागडं १++ (सगळ्यात वरच्या) दर्जाचं हानू, म्हणजे कोरियन जातीच्या गाईबैलांचं मांस, मागत असलं, तरी बुलगोगीसाठी तुम्ही उदुन पुढे करता, म्हणजे मागच्या मांडीचा कमी चरबीचा भाग. मुरवून भाजायच्या मांसाला जाळीपेक्षा पातळपणा हवा, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. काप २ ते ३ मिलिमीटरचे आणि रेषांना आडवे. रेषांच्या दिशेने कापलं तर कितीही मुरवा, दाताखाली दोरे येतातच. घरीच कापायचं असेल तर अख्खा तुकडा तास-दीड तास फ्रीझरमध्ये ठेवावा. बाहेरून कडक, पण सुरी दाबली की आत शिरेल इतपत. कापांवरचं लाल पाणी कागदाने टिपून घ्यायचं; ते राहिलं तर मसाला पातळ होतो.

अर्धा किलोसाठी तुमचं प्रमाण असं (नुसता चमचा म्हणजे १५ मिलीचा मोठा चमचा): जिन-गानजांग (कोरियन सोया सॉस) ४ मोठे चमचे, साखर दीड चमचा, किसलेलं कोरियन नासपती साधारण १०० ग्रॅम, अर्धा कांदा किसून, ठेचलेला लसूण १ चमचा, पाव छोटा चमचा मिरपूड. गुक-गानजांग वापरायचा नाही. तो सूपसाठीचा, बराच खारट. आधी नासपती आणि साखर चोळायची, मग सोया सॉस, आणि भाजलेल्या तिळाचं तेल १ चमचा अगदी शेवटी, कारण आधी तेल लागलं की बाकीचं मांसाला नीट लागत नाही. आपल्याकडचं कच्च्या तिळाचं तेल इथे चालत नाही, त्याला तो वासच नसतो. इतके पातळ काप अर्ध्या तासात मुरतात.

नासपती नसेल तेव्हा काय, यावर तुम्ही किवीबद्दल दिलेली ताकीद सोन्यासारखी आहे. किवीतलं विकर (एन्झाइम) प्रथिनं झपाट्याने तोडतं. अर्धा किलोला एक छोटा चमचा पुरे, आणि वीस मिनिटांत तव्यावर. रात्रभर ठेवलं तर वरून पिठूळ लगदा होतो आणि तो परत सुधारत नाही. हाच नियम आपल्या कच्च्या पपईला लावावा. मटणाच्या जाड तुकड्यांना लावतो तेवढी पपई या कापांना फार होते. डब्यातला अननस मात्र गोडीपुरताच. डबाबंद करताना दिलेल्या उष्णतेने त्यातलं विकर निकामी झालेलं असतं.

आणि तवा! घरच्या बुलगोगीचं खरं दुखणं इथेच असतं. सगळं मांस एकदम ओतलं की तवा गार पडतो, पाणी सुटतं आणि मांस भाजण्याऐवजी शिजतं: करडं, चिवट. म्हणून बिडाचा तवा धूर येऊ लागेपर्यंत तापवायचा, काप निथळून घ्यायचे, एका वेळी १२० ते १५० ग्रॅम, एकावर एक न येता. पहिली बाजू दीड मिनिट न हलवता, दुसरी अर्धा मिनिट. घाण्यांच्या मधे तवा ओल्या कागदाने पुसायचा (कागद चिमट्यात धरून), नाहीतर चिकटलेली साखर जळते आणि पुढचा घाणा कडू होतो. उरलेला मसाला कच्च्या मांसातला, तो वरून ओतायचा नाही. शेवटी तव्यात उकळून आटवला तर भातावर छान लागतो.

पानांत गुंडाळून खायचं सांगायला नकोच: सांगचू (लेट्यूस), क्केन्निप (पेरिलाची पानं), थोडा भात, नखभर साम्जांग (आंबवलेल्या सोयाबीनची तिखट चटणी), एका घासात.

सुट्टीत गावी गेल्यावर करता येईल का, असं विचारलं तेव्हा तुम्ही मांस कुठलं मिळतं हे आधी विचारलंत, याचंही कौतुक वाटतं. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर आधीपासून बंदी होतीच, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हशीचं मांस मिळतं. त्यात चरबी कमी आणि रेषा भरड, म्हणून काप २ मिलिमीटरच्या वर जाऊ द्यायचे नाहीत, आणि मसाल्यात तेल एक चमचा जास्त.

चुसॉकच्या, म्हणजे कोरियन सुगीच्या सणाच्या, आधी दुकानात रांग लागलेली असताना सुद्धा तुम्ही यंत्र थांबवून आमच्यासाठी जाडी बदलून देता. मनापासून धन्यवाद, साजांग्निम. पुढच्या वेळी मुरवलेलं मांस फ्रीझरमध्ये ठेवायचं झालं तर पाव-पाव किलोच्या चपट्या पिशव्या कशा भरायच्या, ते पुन्हा एकदा दाखवा. नवीन आलेल्या दोन घरांना ते बघायचं आहे.

तुमची,
सुवॉनमधली मराठी घरं