त्या चार तासांबद्दल

म्हापसा, गोवा
फेब्रुवारीतला दुसरा रविवार

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळून दहा दिवस झाले. मी हल्ली काही न ठरवता घराबाहेर पडतो, हे तुझ्या वहिनीने तुला फोनवर सांगितले आणि त्यावर तुझा विश्वास बसला नाही, असे तू लिहिले आहेस. ज्या माणसाच्या वहीत रविवारचेसुद्धा चार भाग आखलेले असत, तो असा कसा झाला, या तुझ्या प्रश्नाचे उत्तर फोनवर देता आले असते. परंतु त्या उत्तराची सुरुवात तुझ्यापासूनच होत असल्यामुळे ते लिहूनच द्यावे असे मला वाटले.

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरातला तो रविवार तुला आठवत असेल. तू एका लग्नासाठी पणजीला आला होतास, परतीच्या गाडीला चार तास होते, आणि कदंब बसस्थानकावरून तू मला फोन करून ‘येतोस का?’ एवढेच विचारलेस. म्हापशाहून पणजी १३ किलोमीटर, बसगाड्या एकामागून एक सुटत असतात, आणि आपण सहा वर्षांत भेटलो नव्हतो. तरीही मी ‘आधी कळवले असतेस तर’ असे म्हणालो, कारण त्या दुपारच्या रकान्यात बँकेची पासबुके जुळवण्याचे काम लिहिलेले होते. तू ‘बरं, पुढच्या वेळी’ म्हणालास. पासबुकांचे काम पाऊण तासात संपले. उरलेला वेळ मी टेबलाशी बसून राहिलो. तुला उलट फोन करावा असे मनात येत होते, पण एकदा नाही म्हटल्यावर आता कसे निघायचे, या अवघडलेपणाने मी उठलो नाही. त्या दिवसाबद्दल मी तुझी क्षमा मागतो. इतके दिवस मागितली नाही, याचीही मागतो.

माझी आखणीची सवय कुठून आली हे तुला इतरांपेक्षा अधिक ठाऊक आहे. वडील गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, पाठची दोन भावंडे शिकत होती, आणि आईने महिन्याचे पैसे वाण्याचे, शाळेचे, औषधाचे असे वेगवेगळ्या पाकिटांत घालून ठेवायला मला शिकवले. त्या पाकिटांनी आमचे घर सावरले, त्यामुळे आखणीला नावे ठेवणे मला कधीही जमणार नाही. चूक एवढीच झाली, की पैशांची चणचण संपल्यानंतरही मी वेळ त्याच पद्धतीने पाकिटांत घालत राहिलो, आणि एका पाकिटातला तास दुसऱ्या कामासाठी काढणे मला चोरीसारखे वाटू लागले.

यात पहिला बदल गेल्या वर्षी मार्चमध्ये, ध्यानीमनी नसताना झाला. जुने गोवे भागातल्या एका कचेरीत मला एका कागदावर सही हवी होती. साहेब बाहेर गेले होते आणि मला चार वाजता यायला सांगण्यात आले. पूर्वी मी तिथल्याच बाकावर वही काढून बसलो असतो. त्या दिवशी का कोण जाणे, व्हाइसरॉयच्या कमानीखालून जाणाऱ्या रस्त्याने मी फेरीच्या धक्क्यापर्यंत चालत गेलो, दिवाडीची फेरीबोट लागलेलीच होती, आणि मी चढलो. मांडवी ओलांडायला फार वेळ लागत नाही, पण पलीकडे आपले काहीही काम नाही ही जाणीव होईपर्यंत मी पलीकडे पोहोचलेलो होतो. धक्क्यावर स्कूटर सुरू करणाऱ्या एका वयस्क गृहस्थांनी कुठे जायचे आहे असे विचारले, आणि मी प्रामाणिकपणे ठाऊक नाही असे सांगितले. ते बेट ओलांडून, दुसऱ्या फेरीने नार्व्याला, श्री सप्तकोटेश्वराच्या दर्शनाला निघाले होते. त्यांनी मागे बसायला सांगितले आणि मी बसलो.

या देवाचे मूळ स्थान दिवाडी बेटावर होते, सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत ते देऊळ पाडले गेले, देव नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूस नेण्यात आला, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला, हे सगळे मी शाळेपासून वाचत आलो आहे. पंचावन्न वर्षे गोव्यात राहून मी तिथे एकदाही गेलो नव्हतो, कारण ते कधी वहीत आले नव्हते. दुसऱ्या फेरीच्या कठड्याला टेकून उभा असताना मला प्रथमच उमगले, की तो देव याच पाण्यावरून गेला असणार. चार वाजता मी कचेरीत नव्हतो. सही दुसऱ्या दिवशी मिळाली.

तुला वाटेल की अशी एखादी दुपार कोणाच्याही वाट्याला येते आणि विसरली जाते. मीही विसरलो असतो; परंतु पुढे डिसेंबरात पेडणे तालुक्यातल्या एका गावच्या जत्रेला गेलो आणि कितीतरी वर्षांनी दशावताराचा दहीकालो, म्हणजे देवळापुढचे ते रात्रभराचे नाटक, पाहिला. आपण दोघे सातवीत असताना घोंगडी घेऊन देवळाच्या प्राकारात पहाटेपर्यंत बसत असू, ते आठव. रंगमंचावर एक बाकडे, बाजूला हार्मोनियम, पखवाज आणि झांज, आधी आडदशावतारात, म्हणजे पूर्वरंगात, गणपती आणि संकासुर, मग मुख्य आख्यान. तेव्हा आपण संवाद पाठ करून घरी म्हणून दाखवायचो आणि नट पुढच्या वर्षी तेच आख्यान वेगळ्याच शब्दांत सादर करायचे, म्हणून तुझा हिरमोड व्हायचा. त्या नाटकाला लिहिलेली संहिताच नसते, हे आपल्याला कोणी सांगितले नव्हते. कोणते आख्यान लावायचे आणि कोणी कोणते पात्र करायचे एवढे ठरते. बोलणे मात्र रंगमंचावर उभे राहिल्यावर सुचते.

खेळ संपल्यावर, चेहऱ्यावरचा रंग उतरवत असलेल्या एका नटाजवळ मी गेलो आणि न ठरवता इतके कसे बोलता येते, असे त्याला विचारले. त्याने जे सांगितले त्याचा आशय असा, की पुराणकथा लहानपणापासून कानांवर असल्यामुळे पोतडी भरलेली असते. पण पुढचे वाक्य तिच्यातून हुडकायला गेले की नट अडखळतो, कारण ते समोरच्याच्या बोलण्यातून यावे लागते. म्हणून नवख्या मुलाला ते आधी ऐकायला शिकवतात. मी घरी येताना बसमध्ये याच गोष्टीचा विचार करत होतो. उत्स्फूर्तता म्हणजे आतून उसळी येणे, आणि ती ज्याला येते त्याला जन्मतःच येते, अशी माझी समजूत होती, आणि मला ती येत नाही म्हणून मी तिचा नाद सोडून दिला होता. इथे मात्र एक माणूस मला सांगत होता, की ती समोरून येते आणि आपण फक्त ऐकायला हजर असावे लागते. तुझा फोन आला तेव्हा मी पासबुकांपाशी हजर होतो, तुझ्यापाशी नव्हतो.

या वर्षभरात मी काय काय केले, तेही तू विचारले आहेस. सर्वांत अवघड गेले ते ‘बघू’ हा शब्द सोडणे. आपल्या बोलण्यात ‘बघू’ म्हणजे सभ्यपणे दिलेला नकारच असतो, आणि दिवसाकाठी मी तो किती वेळा उच्चारतो हे मोजायला लागल्यावर मी खजील झालो. आता कोणी काही विचारले की शक्य तर तिथल्या तिथे हो म्हणतो, नाहीतर स्पष्ट नाही म्हणतो. वही मी टाकलेली नाही. गुरुवारची संध्याकाळ तीत कोरी असते आणि ती आधी भरायची नाही असा नियम आहे. नियमाने ठेवलेली मोकळीक ही खरी मोकळीक नव्हे, असे तू म्हणशील. परंतु माझ्यासारख्याला सुरुवात तिथूनच करता आली. शुक्रवारच्या बाजारातही मी यादी अर्धीच नेतो. गेल्या पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला एक बाई रानातली अळमी, म्हणजे अळंबी, घेऊन बसलेली दिसली. ती थोडेच दिवस उगवतात आणि महाग असतात, त्यामुळे एरवी मी भाव ऐकून पुढे गेलो असतो. त्या दिवशी घेतली, आणि त्या रात्री जेवताना आई कुठल्या टेकडीवरून अळमी आणायची याच्या गोष्टी मी मुलीला सांगितल्या. तिने त्या पूर्वी ऐकल्या नव्हत्या.

दोन ठिकाणी मात्र मी स्वतःला आवर घालतो. मोबाइलवर दिसलेली वस्तू पाहताक्षणी मागवणे याला मी उत्स्फूर्तता मानत नाही, कारण त्या क्षणाची आखणी विकणाऱ्याने आधीच केलेली असते. दुसरी गोष्ट मी चूक करून शिकलो. या नव्या उत्साहात एका गुरुवारी मी चार जणांना न सांगता जेवायला घरी आणले. तुझ्या वहिनीने काही बोलून दाखवले नाही, पण नारळ खवणारे तिचे हात दमलेले होते, हे मला पाहुणे गेल्यावर दिसले. माझ्या मनात आले म्हणून तिची संध्याकाळ गेली. आता कोणाला आणायचे असेल तर मी आधी तिला विचारतो, आणि तिने हो म्हटले तर खवणीवर मी बसतो. एकाच्या मोकळेपणाचे ओझे घरातल्या दुसऱ्याने उचलायचे असेल, तर तो मोकळेपणा मला नको आहे.

मी पुरता बदललो आहे असे समजू नकोस. परवाच एका शेजाऱ्याने फेरीने चोडणला पक्षी पाहायला चल म्हटले आणि माझ्या तोंडून ‘बघू’ निघाले. दारातून त्याला पुन्हा हाक मारली आणि गेलो. खारफुटीत बसलेला खंड्या त्याने मला दाखवला. मला तो दिसायला बराच वेळ लागला आणि तोवर शेजारी शांतपणे थांबला.

तुझ्या गाडीला चार तास होते आणि तू फोन ठेवलास, त्यापुढचे मला काहीच ठाऊक नाही. तू बसस्थानकावरच बसून राहिलास, की मांडवीच्या काठाने चालत गेलास, कुठे जेवलास, कोणाशी बोललास, हे मी तुला आजवर विचारले नाही. ते मला सविस्तर लिही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
सातवीतल्या बाकावरचा सोबती