माल नापास करणाऱ्याला संरक्षण हवे

खोकल्याच्या औषधांतील भेसळीवरचा आपला अग्रलेख वाचला. औषध निरीक्षक वाढवा, ही त्यातील मागणी रास्तच. पण तेवढ्याने भागणार नाही. निरीक्षक अधूनमधून येतात. कच्च्या मालाचा नमुना रोज हाताळतो तो कारखान्याच्या प्रयोगशाळेतला केमिस्ट.

औषधात चालणारे प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि विषारी डायइथिलीन ग्लायकॉल दोन्ही रंगहीन, दाट. नुसते पाहून फरक कळत नाही. मिश्रणातले घटक वेगवेगळे करणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफी या चाचणीच्या आलेखावर वेगळ्या वेळेला उमटलेले टोक तो फरक दाखवते. या विषाची कमाल मर्यादा ०.१ टक्के. २०२५ मध्ये छिंदवाड्यातील मुलांना दिलेल्या औषधात ते ४८ टक्क्यांहून अधिक निघाले. एका साध्या चाचणीत ते पकडले गेले असते! १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले, तेव्हाही विष हेच होते.

पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात मी अनेक वर्षे हे काम केले. नमुना यंत्रावर असतानाच उत्पादन विभागाचा फोन येतो, ‘टाकी तयार आहे, रिपोर्ट कधी देता?’ कंत्राटावरच्या, तुटपुंज्या पगाराच्या नवख्या मुलाने किंवा मुलीने अशा वेळी ‘नापास’ असा शेरा कोणाच्या भरवशावर मारायचा? गुणवत्ता विभाग उत्पादनापासून स्वतंत्र असावा, असे औषधनिर्मितीच्या नियमांतले शेड्यूल एम सांगते. निरीक्षकांनी नुसत्या नोंदवह्या न चाळता केमिस्टशी एकांतात बोलावे, आणि माल नापास केल्याबद्दल कोणाची नोकरी जाणार नाही, अशी स्पष्ट तरतूद सरकारने नियमांत करावी.

– एक निवृत्त केमिस्ट, चिंचवड, पुणे