अठरानंतर कुठे जायचं?

महोदय,
डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या लेकीसाठी, दीनासाठी, वकील आडनावाच्या दाम्पत्याने १९४४ साली मुंबईत शाळा काढली. तीच आजची शिवडीची जय वकील शाळा. तिथे आकाराला आलेला, बौद्धिक दिव्यांग मुलांसाठीचा 'दिशा' अभ्यासक्रम आता राज्यातल्या विशेष शाळांत पोचला आहे.

आमच्या तालुक्यातल्या शाळेत माझा मुलगा शर्टाची बटणं लावायला शिकला. चार वर्षं लागली. त्या दिवशी आम्ही गल्लीत पेढे वाटले! पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क १८ वर्षांपर्यंतच दिलाय, आणि तो पुढच्या वर्षी अठराचा होईल. विशेष शाळांना जोडूनच प्रौढांसाठी कार्यशाळा काढायला शासनाने अनुदान द्यावं. शाळेची जागा दुपारनंतर रिकामीच असते.

– एक पालक, जि. सातारा