समुपदेशक मॅडम, त्या दुसऱ्या कागदासाठी

मॅडम,

आधी वारंवार गैरहजर राहणारी आठवीतली ती मुलगी गेले सहा आठवडे रोज शाळेत येते आहे. हजेरीपटावर त्याची नोंद नुसती 'उपस्थित' अशी होते. त्या एका शब्दामागे तुमचं किती काम आहे ते कुठेतरी लिहिलेलं असावं, म्हणून हे जाहीर पत्र. मजकूर आधी तिला आणि तिच्या आईवडिलांना दाखवला आहे. तिने दोन वाक्यं काढायला सांगितली, ती काढली.

ती तुमच्यापर्यंत पोचायला फार उशीर झाला, आणि तो तिच्यामुळे झाला नाही. कुणी 'नाटकं' म्हणून विषय संपवला, कुणी गैरहजेरीचे दिवस मोजून पालकांना तंबी दिली. कुणी तिला समोर बसवून आत्मविश्वासावर लांबलचक व्याख्यान दिलं आणि ऐकताना मान खाली घातली म्हणून पुन्हा बोललं. काय होतंय, कधी होतंय, एवढे दोन प्रश्न मात्र कुणी विचारले नाहीत.

तुम्ही तिथूनच सुरुवात केलीत. सकाळी पोटात दुखतं, शाळेची वेळ टळली की थांबतं, सुट्टीच्या दिवशी दुखतच नाही. तरीही तुम्ही आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यायला सांगितलंत. आजार नजरेतून सुटू नये हे एक कारण, आणि काळजीने दुखणारं पोट खरोखरच दुखत असतं हे घरच्यांना डॉक्टरांकडून कळावं हे दुसरं. मग हजेरीपट आणि वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवलंत. गैरहजेरी बहुतेक त्याच दोन वारी, ज्या दिवशी भाषेच्या तासाला उभं राहून मोठ्याने वाचायचं असतं. दोन्ही कागद कित्येक महिने शाळेतच होते.

पहिल्याच भेटीत तुम्ही तिला सांगितलंत की इथलं बोलणं इथेच राहील, तीन गोष्टी सोडून: तू स्वतःला इजा करणार असशील, दुसऱ्याला करणार असशील, किंवा कुणी तुला करत असेल. हे सुरुवातीलाच सांगायला हवं. 'मी कुणालाच सांगणार नाही' असं भरात बोलून बसणारी माणसं पुष्कळ असतात. मग खरंच सांगायची वेळ आली की शब्द मोडावा लागतो, आणि ते मूल पुढे कुठल्याच मोठ्या माणसाकडे मन मोकळं करत नाही. आत्महत्येचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचारावं, विचारल्याने ते मुलांच्या डोक्यात शिरत नाहीत, हेही शिक्षकांच्या बैठकीत तुम्हीच समजावलंत. त्या दिवशी खोलीत बराच वेळ कुणी बोललं नव्हतं.

मग पायऱ्या. पहिले दोन दिवस फक्त अर्धा तास, तोही ग्रंथालयात. नंतर दोन तास वर्गात, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. वाचनाची शिडी वेगळी: आधी तुमच्यासमोर एकटीने, मग शिक्षकांसमोर, मग दोन मैत्रिणींमध्ये बसून, शेवटी वर्गात. प्रत्येक पायरीवर धडधड थोडी उतरेपर्यंत थांबायचं. धडधड ऐन भरात असताना उठून गेलं, की पळालो म्हणून वाचलो एवढंच मन शिकतं आणि पुढची वेळ आणखी अवघड होते. वर्गाबाहेर जायचं कार्ड दिलंत त्यालाही ५ मिनिटांची मर्यादा आणि ठरलेली जागा होती. हे दोन्ही नसलं तर कार्ड म्हणजे पळवाट होऊन बसते. घरच्यांना सांगितलंत की शाळेच्या वेळात घरी राहिलीच तर फोन आणि टीव्ही बंद, पण रागावून नाही. फाटकापाशी निरोप छोटा ठेवायचा. सुट्टीनंतरचा पहिला दिवस जड जाणारच, तेव्हा एक पायरी खाली यायचं, पहिल्या पायरीवर नाही. तसंच झालं, आणि आधी सांगून ठेवल्यामुळे कुणी घाबरलं नाही.

पण हे पत्र लिहायला लावलं ते एका कागदाने.

पालकांना काय कळवायचं ते तुम्ही तिच्याशेजारी बसून लिहिलंत आणि पेन तिच्या हातात दिलंत: नको असेल ते खोड. तिने एकच शब्द खोडला, 'भीती', आणि वर 'त्रास' लिहिलं. तुमच्या शास्त्राच्या हिशेबाने 'भीती' हाच शब्द नेमका होता. तुम्ही वाद घातला नाहीत, समजावलंही नाहीत. नवा कागद घेतलात, आठही ओळी पुन्हा लिहिल्यात आणि पहिला कागद तिच्यासमोर फाडलात. खोडलेला शब्द माणूस सगळ्यांत आधी वाचतो, हे तुमच्या लक्षात आलं. ही गोष्ट तिनेच सांगितली. पायऱ्यांबद्दल ती फारसं बोलत नाही. कागदाबद्दल तीनदा बोलली.

पायऱ्या प्रशिक्षणात शिकवतात. दुसरा कागद घ्यायचं कोण शिकवतं? हातात अधिकार असताना समोरच्या लहान माणसाचा शब्द राखणं, कुणी बघत नसताना राखणं, हा निव्वळ चांगुलपणा आहे. तो पाहिला की इतकी वर्षं आपण मुलांच्या बाबतीत किती सहज दांडगाई खपवून घेतली, हे टोचतं.

आणि अशा माणसाला शाळा काय देते? अमेरिकेतली शाळा-समुपदेशकांची संघटना २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा आणि त्याचा किमान ८० टक्के वेळ विद्यार्थ्यांच्याच कामात जावा असं सांगते. तुमच्या वाट्याला याच्या कितीतरी पट मुलं आहेत. वर परीक्षेचं पर्यवेक्षण, कार्यक्रमांचं सूत्रसंचालन आणि कुणी रजेवर गेलं की बदली तास. खोलीला कुलूप पाहून परत फिरलेलं मूल पुन्हा येईलच असं नसतं. याबद्दल मुख्याध्यापकांना वेगळं पत्र दिलं आहे.

गेल्या गुरुवारी तिने वर्गात वाचलं. अकरा ओळी. चौथ्या ओळीवर थांबली, तुम्ही शिकवल्याप्रमाणे श्वास सावकाश सोडला, बाकाची कड धरली आणि पुढे वाचलं. वर्गात कुणी हसलं नाही. तुम्ही तेव्हा सहावीच्या वर्गावर बदली तासाला होता, म्हणून हे तुम्हाला ऐकता आलं नाही.

मनापासून आभार, मॅडम.

तिची वर्गशिक्षिका